जास्वंदीवरचा सरडा आणि वाट चुकलेला घोयरा

मे महिना संपत आला, वळवाची एखादी सर पडून गेली की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक फोटो हमखास फिरू लागतो. जास्वंदीच्या फांदीवर नाहीतर कंपाउंडच्या भिंतीवर बसलेला सरडा. डोके आणि खांदे लालभडक, गळ्यावर काळा डाग, मान ताठ. खाली कुणीतरी लिहिते, ‘आपल्या गार्डनमध्ये शॅमेलिऑन!’ लगेच दुसऱ्याचा इशारा येतो की तो विषारी असतो, मुलांना लांब ठेवा. मग वॉचमनला काठी घेऊन पाठवावे की सर्पमित्राला फोन करावा, यावर चर्चा रंगते.

तो शॅमेलिऑन नसतो. विषारी तर नसतोच. माणसाला विषबाधा करू शकेल असा एकही सरडा भारतात नाही, पालही नाही आणि जिच्याबद्दल सर्वाधिक अफवा आहेत ती घोरपडही नाही. फोटोतला प्राणी म्हणजे बागेतला नेहमीचा सरडा, शास्त्रीय नाव कॅलोटिस व्हर्सिकलर. फ्रेंच निसर्गअभ्यासक डॉदँ याने १८०२ साली त्याचे वर्णन केले तेव्हा नावातच ‘रंग बदलणारा’ असा अर्थ घालून ठेवला. सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. रंग बदलतो म्हणजे शॅमेलिऑन, हे समीकरण इतके पक्के बसले आहे की लाल झालेला प्रत्येक सरडा त्यात जाऊन पडतो.

खरा शॅमेलिऑन भारतात आहे, आणि त्याची एकच जात आहे: कॅमिलिओ झेलॅनिकस. महाराष्ट्रातही तो सापडतो. गावाकडे त्याला घोयरा म्हणतात, कुठे सरडगुहिरा. ठाणे-डोंबिवलीच्या एखाद्या बागेत तो दिसणे अशक्य नाही, पण बागेतले शंभर सरडे पाहावेत तेव्हा एखादा घोयरा दिसला तर नशीब म्हणायचे. म्हणून ओळख पटवताना आधी त्या नेहमीच्या सरड्याला नीट पाहणे भाग आहे. तो कळला की घोयरा ओळखायला अर्धा मिनिटही लागत नाही.

बागेतल्या सरड्याची लांबी फुटापर्यंत जाते, पण त्यातला निम्म्याहून पुष्कळ जास्त भाग म्हणजे नुसती शेपटी, बारीक आणि चाबकासारखी. अंगावर खवले एकावर एक चढलेले, प्रत्येकावर मधोमध उठलेली रेघ, त्यामुळे अंग खरखरीत दिसते. मानेपासून पाठीवर काट्यांची ओळ. डोळ्यांपासून काळपट रेघा किरणांसारख्या फाकलेल्या. डोळ्यामागे कानाचा गोल पडदा स्पष्ट दिसतो आणि त्याच्या वर काट्यांचे दोन छोटे, एकमेकांपासून सुटे पुंजके असतात. हे पुंजके जाणकाराची खूण आहेत. मोबाइलचा फोटो जरा मोठा करून पाहिला तर तेही दिसतात.

एरवी हा प्राणी मातकट, करडा किंवा पिवळसर तपकिरी. मादी आणि पिल्ले तशीच राहतात, पाठीच्या दोन्ही बाजूंना फिकट पट्टा असतो तेवढाच. नाट्य सगळे नराचे आणि तेही विणीच्या हंगामात, उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळाभर. तेव्हा तो उंच, उघडी जागा पकडतो. कुंपणाचा खांब, गेटचा कोपरा, कुंडीची कड, ठाण्यात तर स्कूटरचे सीटही. तिथे बसून पुढचे पाय ताठ करीत अंग वरखाली करतो, गळा फुगवतो, आणि डोके व खांदे शेंदरी-लाल होतात. दुसरा नर आसपास आला की लाली वाढते. झटापटीत हरणाऱ्याचा रंग मात्र बघता बघता उतरतो.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण कुवतीच्या मर्यादेबद्दल वापरली जाते. प्राण्याच्या बाजूने पाहिले तर ती त्याच्यावर अन्याय करते. कुंपण ही त्याच्या धावेची हद्द नसते, त्याला पोचायचेच तिथे असते. शेजारच्या नराला आणि आसपासच्या माद्यांना आपण दिसावे म्हणून सगळ्या बागेत यापेक्षा चांगली जागा नाही. म्हण रचणाऱ्याने निरीक्षण मात्र अचूक केले होते यात शंका नाही.

लालबुंद गळ्यामुळे इंग्रजांनी त्याला ‘रक्तपिपासू’ अशा अर्थाचे नाव दिले. आपल्याकडेही तो लांबून रक्त शोषतो असे सांगून मुलांना भीती घातली जाई, आणि मुले मग त्याच्यावर दगड मारीत. खाणे बघितले तर मुंग्या, नाकतोडे, भुंगेरे, अळ्या, कधी लहान पाल. बागेत फवारणी करणाऱ्या माळ्यापेक्षा हा जास्त कामाचा म्हणावा लागेल, कारण तो काम करताना जास्वंदीवरच्या मधमाश्यांचा सरसकट सफाया करत नाही.

या साध्या सरड्यावरही शास्त्रज्ञांचे अजून काम चालू आहे. इराणपासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेली ही एकच जात, असे दोनशे वर्षे मानले गेले. २०२१ साली गौरांग गोवंडे आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आशियातल्या सरड्यांची जनुकीय आणि शारीरिक तुलना करून दाखवले की या एका नावाखाली प्रत्यक्षात अनेक जाती दडल्या आहेत. रोज कुंपणावर दिसणाऱ्या प्राण्याची मोजदाद एकविसाव्या शतकात होते, ही तशी गंमतच.

ठाण्यात आणखी एका प्राण्यामुळे गोंधळ होऊ शकतो. येऊरच्या बाजूला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे १०३ चौरस किलोमीटर जंगलाला लागून राहणाऱ्यांना कधी एक लहानखुरा, सडपातळ, लालसर तपकिरी सरडा झाडाच्या बुंध्यावर दिसतो. तो रूक्सचा वनसरडा. पूर्वी त्यालाही कॅलोटिसमध्येच धरीत, २०१८ साली त्याला मोनिलेसॉरस या वेगळ्या प्रजातीत नेण्यात आले. तो सावलीतला, झाडीतला प्राणी आहे. सोसायटीच्या गेटवर येऊन मिरवणे त्याच्या स्वभावात नाही.

आता घोयरा.

पहिली खूण चाल. बागेतला सरडा माणूस दिसताच सुळकन पळतो, खोडाच्या मागच्या बाजूला जातो आणि तिथून डोकावतो. घोयरा पळत नाही, त्याला पळणे फारसे जमतही नाही. तो एक पाय उचलतो, पुढे नेतो, मागे घेतो, पुन्हा पुढे नेतो, सगळे अंग मागेपुढे डुलते आणि मग कुठे तो पाय फांदीवर टेकतो. वाऱ्यावर हलणाऱ्या पानांत ही डुलणारी चाल मिसळून जाते. पाहणाऱ्याला वाटते हा जखमी आहे किंवा गुंगीत आहे. बऱ्याचदा या मंदपणामुळेच लोक त्याला आजारी समजून उचलायला जातात.

दुसरी खूण पाय, आणि हीच सगळ्यांत भरवशाची. बागेतल्या सरड्याची बोटे लांब, सुटी, टोकाला नखे असलेली. घोयऱ्याच्या पायाची पाच बोटे दोन गटांत जुळलेली असतात, एकात दोन, दुसऱ्यात तीन. पुढच्या पायाला आतल्या बाजूला तीन आणि बाहेर दोन, मागच्या पायाला नेमके उलट. त्यामुळे पाय फांदीला चिमट्यासारखा धरतो. सपाट फरशीवर हाच पाय निकामी ठरतो, म्हणून जमिनीवर आलेला घोयरा इतका केविलवाणा दिसतो. नराच्या मागच्या पायाला टाचेशी एक छोटे टोक असते. त्यावरून नर-मादी ओळखता येते, आणि याच टोकावरून जुन्या पुस्तकांत या जातीला ‘कॅल्कॅरॅटस’, म्हणजे आरवाला, असे नाव होते.

तिसरी शेपटी. ती फांदीला वेढा घालते किंवा रिकामी असताना आत गुंडाळलेली असते. बागेतल्या सरड्याची शेपटी कधीही गुंडाळली जात नाही, ती सरळ मागे लोंबते.

आणि डोळे. पापण्या जुळून त्यांचा शंकू झालेला, टोकाला बाहुलीपुरते बारीक भोक. दोन्ही डोळे स्वतंत्र फिरतात. एक पुढच्या नाकतोड्यावर असताना दुसरा मागच्या घारीचा अंदाज घेत असतो. नेम धरायच्या क्षणी मात्र दोन्ही पुढे वळतात. कान शोधू गेले तर सापडत नाही, कारण कानाचे बाहेरचे छिद्रच नसते. फोटोत डोळ्यामागे गोल पडदा दिसला की विषय संपला, तो घोयरा नाही. डोक्यावर मागे उंच होत गेलेली शिरस्त्राणासारखी हाडाची कड असते, अंग दोन्ही बाजूंनी चपटे असते, आणि कातडीवर काटेरी खवल्यांऐवजी बारीक दाणे असतात.

या सगळ्या खुणांत रंग मुद्दामच आलेला नाही, कारण ओळखीसाठी त्याच्याइतकी फसवी खूण दुसरी नाही. घोयरा हिरवा असतो हे बरोबर, पण पिवळे ठिपके, तपकिरी पट्टे, काळपट डाग हे सगळे तासातासाला बदलते. सकाळी ऊन खाताना तो गडद होतो, कारण गडद कातडी लवकर तापते. चिडला की ठिपके ठळक होतात. रात्री झोपल्यावर फिका, पांढुरका पिवळा पडतो. आणि तो हवा तो रंग घेऊ शकत नाही. लाल साडीवर ठेवला तर लाल होणार नाही, फार तर घाबरून काळवंडेल. आसपासच्या रंगात मिसळण्याची किमया त्याच्या नावावर खपत आली आहे. प्रत्यक्षात रंगबदल मुख्यतः एकमेकांशी बोलण्यासाठी आणि अंगाचे तापमान सांभाळण्यासाठी असतो.

तो कसा होतो, याचे उत्तर २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या मिशेल मिलिंकोविच यांच्या गटाने दिले. त्यांनी मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन अभ्यासला. त्याच्या कातडीतल्या काही पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात. प्राणी शांत असताना स्फटिक जवळजवळ असतात आणि निळा प्रकाश परत फेकतात. वरच्या थरातल्या पिवळ्या रंगद्रव्यातून तो बाहेर पडताना हिरवा दिसतो. प्राणी उत्तेजित झाला की स्फटिकांमधले अंतर वाढते, मग पिवळा, नारिंगी, लाल प्रकाश परत येतो. यात नवा रंग कुठून आणावा लागत नाही, असलेली मांडणीच सैल होते. याच्या खाली स्फटिकांचा आणखी एक जाड थर असतो. तो उष्णतेचे किरण परावर्तित करतो.

रंग मिरवण्याची किंमतही असते. त्याचे उत्तम उदाहरण साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर आहे. तिथे गळ्याला निळा, काळा, नारिंगी पंखा असलेला एक सरडा राहतो. २०१६ साली तो जगासमोर आला तेव्हा त्याच्या प्रजातीला नाव दिले गेले ‘सरडा’, अगदी मराठीतलाच शब्द, आणि या देखण्या जातीला ‘सरडा सुपर्बा’. पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी २०१८ साली दाखवले की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आहेत, सरड्यांची दाटी जास्त आहे, त्यांच्या रक्तातली तणावाची संप्रेरके कमी आहेत आणि माणूस बराच जवळ आला तरी ते पळत नाहीत. पण गर्दीत अन्नासाठी चढाओढ वाढली, आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके पडले. सरड्याच्या अंगावरचा रंग म्हणजे त्याच्या परिसराचा ताळेबंद असतो, तो असा वाचता येतो.

घोयऱ्याची जीभ हा खरे तर वेगळ्या प्रकरणाचा विषय, पण बागेत नशिबाने ती सुटताना दिसली तर काय पाहिले ते माहीत हवे. जीभ अंगापेक्षाही लांब पडते. आत एका हाडाभोवती ती दुमडून ठेवलेली असते, स्नायू आधी ताण साठवतात आणि मग तो एकदम सुटतो, म्हणून थंड सकाळीही तिचा वेग फारसा मंदावत नाही. ब्राउन विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर अँडरसन यांनी २०१६ साली मोजले तेव्हा आफ्रिकेतल्या एका बोटभर शॅमेलिऑनची जीभ सेकंदाच्या शंभराव्या भागात ताशी सुमारे शंभर किलोमीटरच्या वेगाला पोचेल इतकी जोरात सुटते असे आढळले. त्याच वर्षी बेल्जियन आणि फ्रेंच संशोधकांनी तिच्या टोकावरच्या लाळेचा चिकटपणा मोजला. तो माणसाच्या लाळेच्या सुमारे चारशेपट निघाला. नाकतोडा सुटत नाही तो त्यामुळे.

तर हा प्राणी कुठे शोधावा? नौपाड्यातल्या चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत नव्हे. घोयऱ्याला कोरडी झुडपी जमीन, शेताच्या बांधावरची कुंपणे, बाभळी-बोरीची गर्दी आवडते. शहापूर, मुरबाड, टिटवाळ्याच्या पुढचा पट्टा, मलंगगडाच्या पायथ्याची गावे, येऊरची कड अशा ठिकाणच्या अंगणांत त्याची शक्यता शहराच्या पोटापेक्षा कितीतरी जास्त. दिवसा त्याला शोधणे म्हणजे पानांच्या गर्दीत पान शोधणे. रात्री विजेरी घेऊन झुडपांची टोके धुंडाळली तर फिका पडून झोपलेला प्राणी उजेडात चटकन उठून दिसतो. वन्यजीव अभ्यासक सर्वेक्षणासाठी हीच युक्ती वापरतात. बागेत ती वापरायची तर उजेड क्षणभरच टाकावा आणि फांदी हलवू नये.

लोकांना घोयरा दिसतो तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी, म्हणजे रस्त्यावर. पावसाळा सरल्यावर मादी अंडी घालायला झाडावरून उतरते. ती मऊ माती शोधते, खड्डा खणते, दहापासून तीसपर्यंत अंडी घालते, माती परत लोटते आणि निघून जाते. या प्रवासात डांबरी रस्ता आडवा आला तर तिची डुलती चाल तिला महागात पडते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या प्राण्यावरच्या नोंदी १९१२ सालापासून सापडतात. त्या काळी त्याच्या वाटेत बैलगाडीच येई.

अंड्यांचा मुद्दा शहरातल्या सरड्यालाही तेवढाच लागू आहे. बागेतली सरड्याची मादी पावसाळ्यात ओल्या मातीत छोटे बीळ उकरून दहा-वीस मऊ कवचाची अंडी पुरते. सहा-सात आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात. याला हवी फक्त वीतभर उघडी माती. डोंबिवलीत टिळकनगर, रामनगरच्या जुन्या बैठ्या घरांना आणि दोन मजली इमारतींना अशी माती होती. विहिरीकडेला तगर, कण्हेर, अडुळसा, पारिजातक असे. पुनर्विकासात तिथे तळघरातले पार्किंग आले आणि वर पेव्हर ब्लॉक. झाडे कुंड्यांत परत आली, पण कुंडीत मादीला खणायला पुरेशी खोली आणि ओल क्वचितच मिळते. बागेत सरडा दिसेनासा झाला की लोक फवारणीला दोष देतात, तोही खराच आहे. पण फवारणी थांबली तरी माती नसेल तर पुढची पिढी जन्मणार कुठे? ज्या सोसायटीला सरडा हवा आहे तिने कुंपणालगत हातभर रुंदीचा पट्टा मोकळा सोडावा, पाला झाडून जाळू नये, एवढे पुरे. एमआयडीसीच्या निवासी भागातल्या बंगल्यांभोवती असे पट्टे अजून टिकून आहेत, तिथे सरडे दिसतातही.

खरोखर घोयराच सापडला तर? वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली तो संरक्षित आहे. पकडणे, पाळणे, विकणे सगळे गुन्हा. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नजर ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातही त्याचे नाव आहे. झाडावर असेल तर त्याला तिथेच असू द्यावे. तोंड वासून फुत्कारला, अंग फुगवले तरी ते सोंग असते. रस्त्यावर किंवा पार्किंगमध्ये अडकला असेल तर हाताने ओढू नये, कारण पाय घट्ट धरून ठेवतात आणि ओढाताणीत इजा होते. त्याच्यासमोर एक फांदी धरली की तो आपणहून तिच्यावर चढतो. ती जवळच्या झुडपात, रस्त्याच्या ज्या बाजूला तो निघाला होता त्याच बाजूला टेकवावी. जखमी असेल तर वन विभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे.

फोटो मात्र जरूर काढावा, आणि तज्ज्ञाला दाखवण्यासाठी काढावा. लालबुंद डोक्याचा जवळून काढलेला फोटो देखणा असतो, पण त्याचा उपयोग कमी. एक फोटो पूर्ण बाजूने, शेपटीच्या टोकासकट. एक डोके आणि डोळ्यामागचा भाग दिसेल असा. एक पायांचा, बोटे मोजता येतील असा. सोबत तारीख, वेळ आणि झाडाचे नाव. आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर असा संच टाकला तर ओळख पटते आणि नोंद कायम राहते. घोयऱ्याच्या बाबतीत नेमका पत्ता जाहीर करू नये, तालुक्याचे नाव पुरते. पाळीव प्राण्यांच्या चोरट्या बाजारात शॅमेलिऑनला गिऱ्हाईक आहे, आणि त्या बाजारातली माणसेही हे फोटो बघत असतात.